दोन दिवसांच्या कामात कोल्हापूर : खाणे आणि पाहणे कसे जमवावे

कोल्हापुरात कामानिमित्त येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या व यंत्रशाळांमध्ये ओतकामाची तपासणी करायला, इचलकरंजीत कापडाचा व्यवहार ठरवायला, शिवाजी विद्यापीठात परीक्षक किंवा व्याख्याता म्हणून, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्याने वकील आणि पक्षकार म्हणूनही लोक येतात. यांतील बहुतेकांचा मुक्काम एक-दोन रात्रींचा असतो. महामार्गावरच्या हॉटेलात झोपायचे, दिवसभर काम करायचे आणि परतीच्या गाडीत बसायचे, एवढ्यावरच तो अनेकदा संपतो. खरे पाहता या शहरातील उत्तम गोष्टी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहाच्या पुढे अनुभवण्यासारख्या आहेत, त्यामुळे नोकरदार पाहुण्याला याहून सोयीचे शहर क्वचितच मिळेल. त्यासाठी आधी थोडी आखणी मात्र करावी लागते. प्रथमच येणाऱ्या व्यक्तीने ती कशी करावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : मुक्काम कोठे करावा

प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी मुक्कामाचे ठिकाण ठरवावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. काम शिरोलीत किंवा कागलच्या वसाहतीत असले, तर तिथल्याच महामार्गावरील हॉटेलात राहावे असे यजमान कंपनी सुचवते. कामाच्या दृष्टीने ते सोयीचे असले, तरी संध्याकाळी शहरात येणे आणि रात्री परतणे कंटाळवाणे होते आणि शेवटी पाहुणा खोलीतच जेवण मागवतो. म्हणून मुक्काम शहरातच करावा. स्टेशन रोड, शाहूपुरी, ताराबाई पार्क किंवा राजारामपुरी या भागांत सर्व प्रकारची हॉटेले आहेत. तेथून शिरोली किंवा गोकुळ शिरगावला सकाळी वाहनाने जाण्यास फार वेळ लागत नाही, आणि अंबाबाईचे मंदिर रिक्षाने काही मिनिटांत गाठता येते. ज्यांना पायी हिंडण्याची आवड आहे त्यांनी महाद्वार रोड किंवा भवानी मंडपाच्या आसपास जागा शोधावी. मंदिर, भवानी मंडप, गुजरी म्हणजे सराफ बाजार, खासबाग मैदान आणि बिंदू चौक ही सारी ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी रात्री निघून सकाळी कोल्हापुरात पोचणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सर्वांत उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे कामाच्या दिवसाची सकाळ हाती लागते. पुण्याहून रस्त्याने अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर पंचगंगेच्या पाणीपातळीची बातमी आवर्जून पाहावी, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. अशा दिवसांत काम पुढे ढकलणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.

दुसरी पायरी : यजमानांना आधीच सांगून ठेवावे

कोल्हापूरकर पाहुणचारात मागे राहत नाहीत. दुपारच्या जेवणाचा आग्रह होणार हे गृहीत धरावे. यजमान बहुधा पाहुण्याला शोभेल म्हणून एखाद्या मोठ्या वातानुकूलित हॉटेलात नेण्याचे ठरवतात आणि तेथे पनीरच्या भाज्या व तंदुरी रोटी पुढे येते. हे टाळण्यासाठी भेटीची वेळ ठरवताना फोनवरच विनंती करावी, ‘आपण एरवी जिथे जेवता तिथेच जाऊ या.’ या एका वाक्याचा फार उपयोग होतो, कारण प्रत्येक कोल्हापूरकराची स्वतःची एक खानावळ ठरलेली असते आणि तिच्याविषयी त्याला अभिमान असतो. आपण शाकाहारी असल्यास, तिखट कमी खात असल्यास किंवा एखाद्या वारी मांसाहार करत नसल्यास तेही त्याच वेळी सांगावे. येथे अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संपूर्ण श्रावण पाळला जातो. त्यामुळे रविवार आणि बुधवार मटणाचे मानले जातात. दौऱ्याचे दिवस निवडण्याची मुभा असल्यास बुधवार पदरात पडेल अशी तारीख घ्यावी.

दैनंदिन भत्त्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. लहान खानावळींत आणि मिसळीच्या दुकानांत छापील करबिल मिळेलच असे नाही, म्हणून जेवण मागवण्यापूर्वीच साध्या कागदावर तारीख आणि शिक्का असलेली पावती मिळेल का, हे विचारून घ्यावे.

तिसरी पायरी : पहिली सकाळ

सकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडावे आणि प्रथम अंबाबाईच्या मंदिरात जावे. मंदिर पहाटेच उघडते आणि त्या वेळी रांग लहान असते; मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र यांना मात्र हे लागू नाही. दर्शनानंतर घाईने बाहेर न पडता बाहेरच्या भिंतींवरील कोरीवकाम पाहत एक प्रदक्षिणा घालावी, कारण काळ्या दगडातील त्या मूर्ती आणि भिंतींच्या घड्या सकाळच्या तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपासून सुरू होऊन पुढील दिवसांत मुखापर्यंत पोचतात. हाच किरणोत्सव. ढग, धूळ किंवा वाटेतील बांधकामे यांमुळे किरण अडतातही, तेव्हा अपेक्षा ठेवून जावे पण हट्ट धरू नये. त्या दिवसांत आपले काम असेल, तर संध्याकाळची बैठक साडेचारच्या आत संपवण्याची विनंती करणे योग्य ठरेल.

मंदिरातून गंगावेशीकडे चालत जावे. तेथील दूध कट्टा ही या शहराची खास ओळख आहे. गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. पैलवानांच्या शहरात धारोष्ण दुधाला मान असणे स्वाभाविक आहे. तथापि कच्च्या दुधाची सवय नसलेल्यांनी, विशेषतः त्याच दिवशी महत्त्वाचे काम असलेल्यांनी, ते पिऊ नये. न उकळलेल्या दुधातून पोटाचे आणि तापाचे आजार होऊ शकतात. कट्टा पाहण्याचा आनंद दूध न पिताही मिळतो, आणि घ्यायचेच झाले तर विकत घेऊन उकळून घ्यावे.

याच वेळी तालीम पाहता येते. गंगावेश तालीम आणि भवानी मंडपाजवळची मोतीबाग तालीम या शहरातील नावाजलेल्या तालमी आहेत. तेथे पहाटेपासून मेहनत चालते. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असे जिन्नस मिसळून ती मऊ आणि जखमांना सोसवेल अशी राखलेली असते. बाहेरच्या माणसाने दारात थांबून वस्तादांची परवानगी घ्यावी, पादत्राणे बाहेर काढावीत, आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. परवानगी बहुधा मिळते, आणि तेथे शांतपणे घालवलेली पंधरा मिनिटे एखाद्या संग्रहालयातील तासापेक्षा अधिक शिकवतात, असे माझे मत आहे.

त्यानंतर मिसळ. कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. नावाजलेल्या ठिकाणी दुपारनंतर ती मिळण्याची खात्री नसते, म्हणून ‘काम आटोपल्यावर खाऊ’ असे ठरवणाऱ्याची निराशा होते. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण किंवा शेव, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि त्यावर ओतलेला लालभडक कट अशी तिची रचना असते. सोबत गोल पावाऐवजी अनेकदा ब्रेडचे काप येतात. कटाचा तिखटपणा आणि सुवास दोन्ही कांदा-लसणाच्या चटणीतून येतात. येथील घराघरांत उन्हाळ्यात वर्षभराची बेगमी म्हणून करून ठेवला जाणारा हा मसाला आहे. उद्यमनगरातील फडतरे आणि कसबा बावड्यातील बावडा मिसळ ही नावे सर्वपरिचित आहेत, पण आपल्या रिक्षाचालकाने सुचवलेल्या तिसऱ्या ठिकाणीही निःशंक जावे. प्रथम कट वेगळ्या वाटीत मागावा, चव घ्यावी आणि मग हवा तेवढा ओतावा. तिखट लागल्यास पाण्यापेक्षा दह्याने लवकर आराम पडतो. ज्या दिवशी सकाळीच बैठक आहे त्या दिवशी एकच प्लेट खावी आणि पांढरा सदरा घालून जाऊ नये.

चौथी पायरी : तांबडा-पांढरा कसा जेवावा

मटणाचे ताट हे कोल्हापुरातील मुख्य जेवण आहे, आणि दोन दिवसांत ते एकदाच, पण निवांतपणे घ्यावे. दुपारी ते जेवून पुन्हा कारखान्यात उभे राहणे कठीण जाते, म्हणून शक्यतो कामाच्या पहिल्या दिवसाचे रात्रीचे जेवण यासाठी राखून ठेवावे. खानावळींत रात्री उशिरा रस्सा संपतो; साडेआठपर्यंत जाऊन बसावे.

ताटात सुके मटण, ज्वारीची भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, दह्यातील कोशिंबीर, भात आणि दोन वाट्यांत दोन रस्से येतात. बरेच नवखे लोक सुक्या मटणाकडेच लक्ष देतात आणि रस्सा भाकरीबरोबर कालवून संपवतात, तर येथील रीत वाटी उचलून रस्सा पिण्याची आहे. दोन्ही रश्शांचा पाया एकच असतो. मटण हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजवले की जे पाणी उरते त्याला अळणी म्हणतात. या अळणीत नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि लवंग, दालचिनी, मिरी असा खडा मसाला घातला की पांढरा रस्सा होतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. पांढऱ्यात लाल मिरची नसते, म्हणून तो सौम्य असतो असा समज आहे, परंतु मिरी आणि लवंग घशाशी आपले काम करतातच. चांगल्या पांढऱ्या रश्शाची खूण अशी की तो पातळ असतो, त्याला मटणाची चव असते आणि तो पिठूळ लागत नाही. दाट, गोडसर, काजूच्या पेस्टने घट्ट केलेला पांढरा रस्सा मिळाला तर ती खानावळ पुन्हा निवडू नये.

जेवणाचा क्रम असा ठेवावा. आरंभी पांढऱ्याचे दोन-चार घोट घ्यावेत, मग सुके मटण आणि भाकरी, मध्ये तांबडा, आणि तोंड पोळले की पुन्हा पांढरा. अनेक खानावळींत रस्सा मागाल तेवढा वाढतात. तरीही बसताना ‘रस्सा किती वेळा?’ असे विचारून घेण्यात संकोच नाही. भात शेवटी घ्यावा आणि त्यावर तांबडा ओतावा. काही ठिकाणी खिमा, मुंडी (बोकडाच्या डोक्याचे मटण), रक्ती (रक्ताचा पदार्थ) असे पदार्थही मिळतात. ज्यांना अशा पदार्थांची आवड आहे त्यांनी येथे ते जरूर मागवावेत, कारण ताजेपणाची काळजी घेणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे त्यांचा दर्जा चांगला राहिला आहे.

शाकाहारी पाहुण्याने हिरमुसण्याचे कारण नाही. भाज्यांच्या अळणीवर केलेले तांबडा-पांढरा रस्से अनेक ठिकाणी मिळतात, पण मला विचाराल तर त्यापेक्षा आख्खा मसूर मागवावा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील हा पदार्थ कांदा-लसूण चटणीत शिजवलेल्या अख्ख्या मसुराचा असतो आणि कशाचीही नक्कल न करता स्वतःच्या गुणावर पोट भरतो. झुणका, भरली वांगी आणि खर्डा यांच्यासह भाकरी मिळणाऱ्या खानावळीही पुष्कळ आहेत.

पाचवी पायरी : संध्याकाळचे दोन-तीन तास

काम सहाला संपले असे धरून चालू. मावळतीच्या आत पोचणे शक्य असेल तर थेट रंकाळ्यावर जावे. तलावाच्या काठाने चालण्यासाठी फरसबंद वाट आहे, काठावर शालिनी पॅलेसची इमारत दिसते आणि चौपाटीवर भाजलेली कणसे, भेळ, आइस्क्रीम यांची रांग असते. शहरातले लोक रोज येथे फिरायला येतात. त्यांच्यात मिसळून अर्धा तास चालावे, एवढाच येथील कार्यक्रम आहे.

अंधार पडला असल्यास रंकाळा सोडून जुन्या शहराचा फेरा घ्यावा. भवानी मंडपापासून सुरुवात करावी. जुन्या राजवाड्याचा हा चौक आजही शहराचा मध्य आहे. तेथून खासबाग मैदान जवळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि कुस्तीसाठी तसे मैदान येथे बांधण्याचे ठरवले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्ये खोलगट आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची घडण असल्याने कोठेही बसले तरी पुढच्या माणसाचे डोके आड येत नाही. कुस्त्यांचे मैदान आपल्या मुक्कामात भरत असेल तर रात्रीचे जेवण पुढे ढकलून ते पाहावे. शेजारीच महाराजांनी उभारलेले नाट्यगृह आहे, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत ते जळाले आणि कोल्हापूरकर त्या आगीविषयी घरातील माणूस गेल्यासारखे बोलतात. हा विषय निघाल्यास ऐकून घ्यावे. या शहराचे नाटक आणि कुस्ती यांच्याशी असलेले नाते त्यातून कळते. खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ खाऊन हा फेरा पुरा करावा, मात्र त्याच रात्री मटणाचे ताट ठरले असल्यास एकच प्लेट दोघांत घ्यावी.

न्यू पॅलेस आणि तेथील शहाजी छत्रपती संग्रहालय संध्याकाळी बंद होते, म्हणून कामकरी पाहुण्याला ते सहसा साधत नाही. १८८४ मध्ये पूर्ण झालेला हा काळ्या घडीव दगडाचा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांनी आखला आहे. दुपारी काम लवकर सुटले तरच तेथे जावे. उच्च न्यायालयाच्या कामासाठी आलेल्यांना मात्र भाऊसिंगजी रोडवरील टाऊन हॉल संग्रहालय सोयीचे आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती ही तेथील सर्वांत मोलाची वस्तू आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमशी असलेला व्यापार कोल्हापूरपर्यंत पोचला होता, हे ती दाखवते. जाण्यापूर्वी सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

सहावी पायरी : अर्धा दिवस मिळाला तर

परतीची गाडी रात्रीची आणि काम दुपारी संपणारे असेल, किंवा कामाला रविवार जोडता येत असेल, तर पन्हाळ्याला जावे. ज्योतिबा, नृसिंहवाडी, राधानगरी, गगनबावडा अशी अनेक नावे सुचवली जातील, पण अर्ध्या दिवसात एकच ठिकाण नीट होते, आणि ते पन्हाळा असावे. अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे आणि वाहन गडावर थेट जाते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे.

गड मोठा आहे. दोन तासांत तीन दरवाजा, त्याला लागून असलेली अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढेच पाहावे. अंधारबाव ही तीन मजली वास्तू असून तळाशी पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जाण्याची वाट आहे. वेढ्यात शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच इमारतीत बंदिस्त केली आहे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली धान्याची कोठारे आहेत. त्यांचा आकार पाहिला की सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने कसा झेलला गेला, हे ध्यानात येते. १६६० च्या जुलैमधील पावसाळी रात्री शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निघाले. वेळ उरल्यास ती जागाही पाहावी. गडावर स्थानिक बायका चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा आणि मातीच्या मडक्यात लावलेले दही देतात. दुपारचे जेवण तेथेच करावे. पावसाळ्यात धुके एवढे दाटते की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, तेव्हा गाडी सावकाश चालवण्यास चालकाला सांगावे.

काम इचलकरंजी, जयसिंगपूर किंवा शिरोळ भागात असेल तर मात्र पन्हाळ्याऐवजी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर निवडावे, कारण आपण अर्ध्या वाटेवर आधीच आलेले असता. कृष्णाकाठच्या या शिलाहारकालीन मंदिराच्या स्वर्गमंडपाला छत नाही. वर्तुळाकार उघड्या भागातून आकाश दिसते आणि खाली तेवढीच गोल शिळा आहे. मंदिरात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास किंवा उतरत्या उन्हात जावे. वाटेत नृसिंहवाडीला थांबून बासुंदी आणि पेढे घेता येतात.

सातवी पायरी : सोबत काय न्यावे

खरेदीसाठी वेगळा वेळ ठेवू नये. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या फेऱ्यातच ती उरकावी. कोल्हापुरी चप्पल घ्यायची असल्यास भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये दोन-तीन दुकाने पाहून मग घ्यावी. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. अस्सल चपलेचे कातडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते, तळ कातड्याच्याच थरांचा असतो आणि शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळे किंवा रबरी तळ दिसल्यास ती दुसरी वस्तू समजावी. सुरुवातीला पायाला घट्ट वाटेल असा माप घ्यावा, कारण वापराने कातडे सैल होते. पावसात ती घालू नये आणि भिजल्यास सावलीत वाळवावी.

कांदा-लसूण चटणी गिरणीवाल्यांकडे किंवा घरगुती विक्रेत्यांकडे ताजी मिळते. तेल सुटणारी असल्याने ती दुहेरी पिशवीत बांधून घ्यावी आणि विमानाने जाणाऱ्यांनी हातातील सामानाऐवजी तपासणीच्या सामानात ठेवावी. जयसिंगपूरचे भडंग हलके आणि टिकाऊ असल्याने कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी चांगले. गूळ घ्यायचा असेल तर हिवाळ्यात घ्यावा. साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शहराभोवतीची गुऱ्हाळे चालू असतात, आणि परवानगी घेऊन आत गेल्यास काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी काढणारा गुळव्या आणि साच्यात ओतला जाणारा पाक, हा सारा क्रम अर्ध्या तासात पाहता येतो. फार पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये; रंग उजळण्यासाठी रसायने वापरली जातात, म्हणून थोडा काळपट, तपकिरी गूळ मागावा. एक किलोचे लहान रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मिळतात, आणि त्याच ठिकाणी काकवी, म्हणजे पातळ गूळही, बाटलीत भरून देतात. बाटलीचे झाकण मेणकापडाने बांधून ती उभीच न्यावी.